प्रबंधाच्या शेवटच्या ओळीबद्दल

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संशोधन व मान्यता समित्यांच्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात एक फोन आला. शिपाईकाकांनी मला प्रयोगशाळेतून बोलावून घेतलं. पलीकडे एक बाई होत्या. ‘मॅडम, पेपरात वाचलं. कॅन्सरची गाठ हुडकून मारायचं औषध तुमच्याकडं निघालंय म्हणं. आमच्या मालकांच्या गालात गाठ हाय. कधी मिळंल?’ मी म्हटलं, ताई, ते औषध नाही, अजून बाटलीतच आहे, माणसाला द्यायची वेळ आलेली नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग बाटलीतलंच द्या की थोडं. पैशाचं बघतो आम्ही.’

त्या बाटलीत कॅडमियम टेल्युराइड होतं, म्हणजे कॅडमियम या विषारी धातूच्या संयुगाचे अतिसूक्ष्म, चमकणारे कण. त्यांना क्वांटम डॉट म्हणतात.

मी त्यांना परळच्या टाटा मेमोरियलला कसं जायचं, कोणते कागद बरोबर घ्यायचे ते सांगितलं. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. पण ते ‘बाटलीतलंच द्या’ माझ्या कानातून जात नाही, म्हणून हे पत्र.

बातमी आमच्याच कामाची होती. माझ्या विद्यार्थ्याचा पेपर छापून आला, त्यावरून प्रसिद्धिपत्रक निघालं आणि त्यावरून बातमी. बातमीदाराचा दोष मी फारसा मानत नाही. आमच्या पेपरची शेवटची ओळ अशी होती: हे कण कर्करोगाच्या बायोइमेजिंगसाठी (म्हणजे शरीरातली गाठ पडद्यावर दाखवण्यासाठी) आणि उपचारासाठी उपयुक्त ठरू शकतात. माझ्या स्वतःच्या प्रबंधाची शेवटची ओळही जवळपास हीच होती. आपल्यासमोर दर बैठकीला जे सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे आराखडे, येतात त्यांतल्या नॅनो विषयांच्या शीर्षकांवर एकदा नजर टाका. ‘फॉर बायोइमेजिंग’, ‘फॉर थेरानॉस्टिक अॅप्लिकेशन्स’ (थेरानॉस्टिक म्हणजे निदान आणि उपचार एकत्र) हे शेपूट किती ठिकाणी दिसतं ते आपल्यालाच कळेल. शीर्षक पास होतं, चार-पाच वर्षं जातात, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना), टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो), फोटोल्युमिनेसन्स (कणांची चमक), शेवटी एक एमटीटी चाचणी (पेशी जिवंत आहेत का ते पाहणारी), आणि ती ओळ. त्या ओळीसाठी काय काम केलं, असं व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, मला कुणी विचारलं नव्हतं. मी गाइड झाल्यावर माझ्या विद्यार्थ्यालाही कुणी विचारलं नाही. आणि मीही त्याला विचारलं नाही.

या कणांवर माझा राग नाही. उलट, मी आयुष्याची अठरा वर्षं त्यांच्यात घातली आहेत. पहिल्यांदा त्यांचा रंग पाहिला तो दिवस मला आजही लख्ख आठवतो. पाण्यातला मार्ग सोपा: कॅडमियम क्लोराइड, मरकॅप्टोप्रोपिऑनिक आम्ल, नायट्रोजनखाली ताजं बनवलेलं सोडियम हायड्रोजन टेल्युराइड, मग रिफ्लक्स, म्हणजे वाफ परत आत पाडत उकळत ठेवणं. त्या आम्लाचा उग्र वास ओढणीला असा चिकटायचा की संध्याकाळी एसटीत शेजारची बाई सरकून बसायची. दर अर्ध्या तासाला थोडा नमुना काढून छोट्या बाटलीत ठेवायचा. साध्या उजेडात सगळ्या बाटल्या पिवळट-तांबूस, एकमेकींसारख्याच. खोलीचा दिवा मालवून अतिनील दिवा लावला की पहिली हिरवी, मग पोपटी, पिवळी, नारिंगी, शेवटची लालभडक. पदार्थ एकच, फक्त कण मोठा होत गेलेला. अर्धवाहकाचा कण काही नॅनोमीटरइतका लहान झाला की त्यातल्या इलेक्ट्रॉनला जागा अपुरी पडते, त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या एकमेकींपासून लांब जातात, आणि प्रकाश निळ्याकडे सरकतो. कण वाढू द्या, तो लालाकडे येतो. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण त्या अंधाऱ्या खोलीत ते पहिल्यांदा पटतं.

या शोधाची वाटचाल आपल्याला ठाऊक आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्सेई एकिमोव्ह यांनी काचेत आणि लुई ब्रस यांनी द्रावणात हे आकाराचं गणित दाखवलं. १९९३ साली मौंगी बावेंडी यांच्या गटाने तापलेल्या द्रावकात एकदम इंजेक्शन देऊन एकसारख्या आकाराचे कण बनवण्याची रीत दिली. २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. आपल्याकडेही हे काम काल सुरू झालेलं नाही. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. सुलभा कुलकर्णी आणि त्यांचे विद्यार्थी नव्वदच्या दशकातच मँगनीज मिसळलेले झिंक सल्फाइडचे नॅनोकण बनवून त्यांचा पृष्ठभाग तपासत होते.

वैद्यकाशी या कणांची गाठ पडली १९९८ साली. ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन पेपर आले. एक बर्कलीच्या पॉल अलिव्हिसाटोस यांच्या गटाचा, दुसरा वॉरन चॅन आणि शुमिंग नी यांचा. कॅडमियम सेलेनाइडच्या गाभ्यावर झिंक सल्फाइडचं किंवा कॅडमियम सल्फाइडचं कवच चढवायचं, बाहेरून पाण्यात विरघळेल असं आवरण द्यायचं आणि ते कण पेशीला खुणेसारखे जोडायचे. सेंद्रिय रंग सूक्ष्मदर्शकाखाली काही मिनिटांत फिके पडतात, हे कण टिकून राहतात. एकाच दिव्याखाली वेगवेगळ्या आकाराचे कण वेगवेगळ्या रंगांत दिसतात. २००४ साली जॉन फ्रँजिओनी आणि बावेंडी यांच्या गटांनी तर डुकरावरच्या शस्त्रक्रियेत ४०० पिकोमोल इतक्या किंचित मात्रेत, त्वचेखाली एक सेंटिमीटर खोल असलेली लसिका ग्रंथी शस्त्रक्रिया चालू असतानाच पडद्यावर दाखवली. स्तनाच्या कर्करोगात काखेतली पहिली ग्रंथी शोधायला आपले सर्जन आजही निळा रंग आणि किरणोत्सारी टेक्नेशियम वापरतात. तिथे हे किती मोलाचं ठरलं असतं!

‘ठरलं असतं’ असं मी मुद्दाम लिहिते आहे. त्या डुकराच्या प्रयोगाला वीस वर्षं होऊन गेली, आणि कॅडमियमचे कण आजही शस्त्रक्रियागृहात आलेले नाहीत.

ते का आले नाहीत याची उत्तरं याच क्षेत्रातल्या लोकांनी शोधली. १९९८च्या पेपरमधले तेच वॉरन चॅन २००४ साली संगीता भाटिया यांच्या गटाबरोबरच्या एका पेपरमध्ये दिसतात. यकृताच्या पेशींना हे कण दिले तर काय होतं, हे त्यांनी पाहिलं. कण हवेत उघडे राहिले किंवा त्यांच्यावर अतिनील प्रकाश पडला की पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण होतं, कॅडमियम सुटून बाहेर येतं आणि पेशी मरतात. कवचाने हे कमी होतं, पूर्ण थांबत नाही. आपण प्रबंधाच्या मुखपृष्ठासाठी ज्या दिव्याखाली बाटल्यांचा फोटो काढतो, तो हाच दिवा. २०१६ साली चॅन यांच्याच गटाने तोवरच्या दहा वर्षांच्या पेपरांचा हिशेब मांडला. सर्व प्रकारचे नॅनोकण धरून, टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत किती पोचतं? मध्यक आला ०.७ टक्के. बाकीचं बहुतेक यकृत आणि प्लीहा गिळतात. ज्याने दार उघडलं त्यानेच आत जाऊन भिंती मोजल्या, आणि ते आकडे छापले. मला या माणसाबद्दल अतिशय आदर वाटतो. आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांचा १९९८चा पेपर उद्धृत केलेला असतो. नंतरचे दोन क्वचितच.

शरीराबाहेर जाण्याचा हिशेबही झालेला आहे. २००७ साली दाखवलं गेलं की आवरणासकट कणाचा व्यास सुमारे ५.५ नॅनोमीटरपेक्षा कमी असेल तरच तो लघवीवाटे जातो. आपला गाभा तीन नॅनोमीटरचा असला तरी त्यावर कवच, त्यावर आवरण, रक्तात गेल्यावर त्यावर प्रथिनांचा थर. टीईएमच्या फोटोत आपण गाभा मोजतो. किडनीसमोर सबंध कण येतो.

२०१२ साली ऱ्हीसस माकडांवर प्रयोग झाला. किलोमागे २५ मिलिग्रॅम मात्रा दिली. नव्वद दिवस माकडं ठीक होती, रक्ताच्या तपासण्या ठीक, अवयवही सूक्ष्मदर्शकाखाली ठीक. मथळ्यासाठी एवढं पुरेसं आहे. पण त्याच पेपरमध्ये पुढे लिहिलं आहे की दिलेल्या कॅडमियमपैकी बहुतेक नव्वद दिवसांनंतरही यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडांतच होतं. आता त्या ताईंच्या मालकांचा हिशेब करा. साठ किलोच्या माणसाला त्याच प्रमाणात दीड ग्रॅम कण टोचावे लागतील. शरीरात गेलेलं कॅडमियम निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यातून ते भातात गेलं, आणि म्हाताऱ्या बायकांची हाडं हात लावला तरी मोडू लागली. त्या आजाराचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला.

‘उपचार’ या शब्दाबद्दल थोडं. प्रबंधात बहुधा असं असतं: पेशींना कण दिले, वरून प्रकाश टाकला, पेशी मेल्या. प्रकाश कोणता? ३६५ नॅनोमीटर, कारण प्रयोगशाळेत तोच दिवा असतो. रात्री मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरून पाहा, वर फक्त लाल उजेड येतो. बाकीचे रंग रक्त आणि त्वचा पिऊन टाकतात, अतिनील तर वरच्या पापुद्र्यातच संपतो. गालातल्या गाठीच्या तळापर्यंत तो पोचत नाही. शरीरात काम करायचं तर तांबड्याच्या पलीकडचा, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरचा किंवा त्याहून पुढे हजारानंतरचा पट्टा हवा. त्यासाठीचे पदार्थही आहेत. सिल्व्हर सल्फाइडचे कण १२०० नॅनोमीटरच्या आसपास चमकतात, कॉपर सल्फाइडचे कण ९८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून तापतात, बिस्मथ सल्फाइड सीटी स्कॅनमध्ये दिसतं. सच्छिद्र सिलिकॉनचे कण शरीरात विरघळून सिलिसिक आम्ल होऊन निघून जातात, हे २००९ साली उंदरांत दाखवलं गेलं. यातलं काही कमी विषारी आहे, काही अजून नीट तपासलेलं नाही. तरीही विद्यार्थी कॅडमियमकडेच जातो, कारण ते सुंदर चमकतं, लवकर जमतं आणि त्याचा पेपर होतो.

आता ते सांगते जे सांगायला मला सर्वांत जड जातं. कण धुताना प्रोपॅनॉल घालायचं, सेंट्रिफ्यूज लावायचं, तळाला बसलेला गाळ ठेवायचा आणि वरचं पाणी ओतून द्यायचं. माझ्या विद्यार्थिदशेत ते पाणी बेसिनमध्ये जायचं. त्यात न लागलेलं कॅडमियम असायचं, मोजलं कधीच नाही. पाइप भिंतीतून बाहेर उघड्या नाल्यात, आणि नाल्याकडेला एक बाई आळू लावायची. आम्ही सगळे तिच्याकडून आळू घ्यायचो. पदव्युत्तर पदवी असलेले आम्ही आठ जण होतो, आमच्यापैकी एकानेही तिला सांगितलं नाही, कारण आमच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या हातमोज्यांचं, मास्कचंही तेच. विभाग कोणता ते लिहीत नाही. तो एकटाच तसा होता असं मला वाटत नाही.

घातक कचऱ्याचे केंद्राचे २०१६चे नियम आहेत. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशा कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची सोय आहे. आमच्या महाविद्यालयात आता वीस लिटरचा निळा कॅन आहे, त्यावर तारीख आणि नाव लिहितो, वर्षातून एकदा तो जातो. खर्च प्राचार्यांनी दोन वर्षं भांडून मंजूर करून घेतला. मोठ्या विद्यापीठाला हे अवघड नसावं.

आपल्याकडे मी आले ते एवढ्यासाठी की हे सगळं थांबवण्याची किंवा वळवण्याची जागा आपलीच आहे. नियामकांकडे गोष्ट फार उशिरा पोचते. जैवतंत्रज्ञान विभागाने ऑक्टोबर २०१९ मध्ये नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ती चांगली आहेत, पण जो औषध बनवायला निघाला आहे त्याच्यासाठी आहेत. आपला विद्यार्थी औषध बनवायला निघालेलाच नसतो. तो शीर्षकात शब्द घालतो, कारण शब्द नसला तर विषय ‘जुना’ वाटतो. तो शब्द काढायला किंवा त्याची किंमत मागायला सांगू शकतात ते फक्त आपण, पहिल्याच दिवशी, जेव्हा त्याच्या हातात पाच वर्षं असतात.

म्हणून माझी विनंती: ज्या सिनॉप्सिसमध्ये बायोइमेजिंग किंवा थेरपी हा शब्द आहे, त्याला चार साधे प्रश्न विचारल्याशिवाय शीर्षक पास करू नका. हे किती मात्रेत द्यायचं, किलोमागे? ते शरीराबाहेर कसं येणार? प्रकाश किती नॅनोमीटरचा, आणि तो तिथवर जातो का? धुतलेलं पाणी कुठे जातं? ज्याला उत्तरं देता येत नाहीत त्याला नाकारू नका. त्याला सांगा की हीच उत्तरं शोधणं तुझा प्रबंध आहे, किंवा मग शीर्षकात फक्त ‘निर्मिती आणि प्रकाशीय गुणधर्म’ लिही. ते पुरेसं काम आहे, त्यात कमीपणा नाही.

आणि अशा विषयाला वैद्यकीय महाविद्यालयातला सहमार्गदर्शक सक्तीचा करा. माझ्या विद्यार्थ्याने चोवीस तासांच्या एमटीटी चाचणीनंतर ‘जैवअनुकूल’ असं लिहिलं होतं. पेशी पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून आणलेल्या, चाचणी व्यवस्थित केलेली. पण प्लेटमधल्या पेशींना लिव्हर नसतं, किडनी नसते, वीस वर्षं जगायचं नसतं. कुठल्याही पॅथॉलॉजिस्टने तो शब्द पहिल्या वाचनात खोडला असता. मी खोडला नाही.

तिसरी गोष्ट अपयशाची. कण रक्तद्रवात टाकले आणि दोन तासांत गोळे होऊन बसले, किंवा आठ दिवसांत कवचातून कॅडमियम झिरपलं, तर तो निकाल आहे. तो आयसीपी-एमएसवर (धातूची किंचित मात्राही मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून प्रबंधात आला पाहिजे, आणि त्यावर पदवी मिळाली पाहिजे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत प्रबंधापूर्वी पेपर छापून यायची सक्ती राहिलेली नाही. तरी आपल्या विभागांत ती चालूच आहे, कधी तोंडी, कधी परिपत्रकाने. त्या सक्तीखाली मुलं अपयश लपवतात. माझ्या एका विद्यार्थ्याने मला पदवी मिळाल्यावर सांगितलं, ‘मॅडम, तो बॅच परत कधीच आला नाही.’ म्हणजे तसे कण पुन्हा जमलेच नाहीत. चार वर्षं तो ते मनात घेऊन फिरत होता.

या कणांना शरीराबाहेर भरपूर काम आहे, आणि ते आपल्या गावांच्या जास्त उपयोगाचं आहे. रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा, पट्टीवरचा कण चमकला की निदान. तिथे काही टोचायचं नाही, लिव्हरचा प्रश्न नाही, अतिनील दिवाही चालतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात टेबलावर ठेवता येईल असं ते काम आहे.

माझ्या विद्यार्थिनीचा सिनॉप्सिस पुढच्या बैठकीत आपल्यासमोर येतो आहे. मँगनीज मिसळलेलं झिंक सल्फाइड, पाण्यात बनवलेलं, चाचणीच्या पट्टीसाठी. कॅडमियम नाही. मँगनीजची नारिंगी चमक दिवा बंद केल्यावरही मिलिसेकंदभर रेंगाळते, आणि रक्तद्रवाची स्वतःची चमक तोवर केव्हाच विझलेली असते, त्यामुळे थांबून मोजलं की खूण स्वच्छ दिसावी, असा तिचा अंदाज आहे. पहिल्या तीन बॅचपैकी दोन फसल्या. त्यांची पानं तिने वहीत ठेवली आहेत, फाडलेली नाहीत. सहमार्गदर्शक जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या पॅथॉलॉजीच्या प्राध्यापिका आहेत. शीर्षकात बायोइमेजिंग नाही, थेरपी नाही. ती जरा बुजरी आहे, शीर्षक साधं आहे म्हणून तिला धाकधूक वाटते आहे. तिला फसलेल्या दोन बॅचबद्दल विचारा. ते ती चांगलं सांगते.

आपली,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शक